अपूर्णतेचं कौतुक पुरे!

अर्धवट कथेचे जितके लाड आपण लिहिणारी मंडळी करतो, तितके पोटच्या पोराचेही करत नसू. "सध्या एका मोठ्या कथेवर काम चालू आहे" असं सांगताना चेहऱ्यावर जे तेज येतं ना, ते "कथा झाली, वाचून बघ" म्हणताना कधी दिसत नाही. बरोबरच आहे. चालू असलेल्या कथेला कुणी वाईट म्हणू शकत नाही. संपलेली कथा लोक वाचतात आणि मग बोलतात!

मूड गेला, सुचत नाही, पात्रं ऐकत नाहीत... ही सगळी मागाहून शोधलेली कारणं. खरी भीती एकच. शेवट लिहिला की आपली कुवत उघडी पडते.

इथवर बोलणं आलं की कुणीतरी गडकऱ्यांना मध्ये आणतंच. 'राजसंन्यास' अपूर्ण आहे, तरी लोक डोक्यावर घेतातच ना? अहो, पण 23 जानेवारी 1919 ला सावनेरला गडकरी गेले तेव्हा त्यांचं वय होतं 33. आणि त्या अखेरच्या आजारपणात त्यांनी काय केलं? 'भावबंधन' पुरं केलं. 'राजसंन्यास' मृत्यूनं अडवलं. तुमचं-आमचं घोडं कुठे अडतं? रविवारच्या झोपेपाशी. तेव्हा गडकऱ्यांचा दाखला द्यायचाच असेल तर 'भावबंधन'चा द्या.

दुसरं कारण, वेळ नाही. न्यायमूर्ती रानडे आमच्या निफाडात जन्मले. हायकोर्टातली न्यायाधीशी, शिवाय सामाजिक परिषदेपासून औद्योगिक परिषदेपर्यंत शंभर व्याप. तरी मराठी सत्तेच्या उदयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1900 साली छापून आलं. ज्यांच्याबरोबर या विषयाचा विचार केला ते तेलंग 1893 मध्येच गेले होते. त्यांचा बखरींवरचा निबंधही रानड्यांनी त्याच पुस्तकात घातला. पुढे 16 जानेवारी 1901 ला ते स्वतः गेले. म्हणजे हाताशी फार वेळ नव्हताच. तो इतिहास होता, कथा नव्हे, हे मान्य. पण वेळेची सबब दोन्हीकडे सारखीच, नाही का?

तिसरं कारण जरा शहाणं आहे. "मी शेवट मुद्दाम खुला ठेवलाय. वाचकानं ठरवावं." खुला शेवट हाही शेवटच असतो, मंडळी. तिथे थांबायचं हे लेखकानं ठरवलेलं असतं आणि आधीची प्रत्येक ओळ त्या थांब्याकडे आलेली असते. कंटाळून उठून गेलात, त्याला खुला शेवट कसं म्हणणार? दार उघडं ठेवणं वेगळं आणि भिंत बांधायचीच राहून जाणं वेगळं.

शेवटाला एवढं महत्त्व का, हे हरिभाऊ आपट्यांकडे पाहिलं की कळतं. त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, पण 'पण लक्षात कोण घेतो' बघा. 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात ती तुकड्यातुकड्यानं येत होती, 1893 ला पुस्तक झालं. समजा हरिभाऊंनी पहिल्या काही प्रकरणांनंतर हात आखडता घेतला असता, तर आपल्याकडे काय उरलं असतं? यमूचं लडिवाळ बालपण. "किती गोड लिहिलंय" म्हणून आपण विसरून गेलो असतो. तिचं वैधव्य, जबरदस्तीनं झालेलं केशवपन हे सगळं पुढे आहे. ज्या मुद्द्यासाठी कादंबरी लिहिली, तो मुद्दाच पुढे आहे.

आमच्या नात्यातलं एक उदाहरण देतो (ज्याला लागू पडेल त्यानं ओळखून घ्यावं, रागावू नये). एका लिहित्या भाच्यानं म्हाताऱ्या मावशीकडून तिची सगळी हकीकत ऐकून घेतली. नवरा गेल्यावर दोन पोरं घेऊन तिनं कोरडवाहू जमीन कशी राखली, ती. दोन प्रकरणं झकास लिहिली आणि तिला वाचूनही दाखवली. मग याला दुसरी कल्पना सुचली. मावशी दर भेटीत विचारायची, "का रे, पुढं माझं काय झालं?" ती गेली तेव्हा कथेतली मावशी अजून सोळा वर्षांची, माजघरात उभी होती. कथा अर्धवट राहिली की फक्त लेखकाचंच राहतं असं वाटतं ना, म्हणून हे सांगितलं.

मग पुरी करायची कशी? आमच्याकडे द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसायला लागले की बागायतदार खूश होऊन घरी बसत नाही. जादा घड काढून टाकतो. ठेवलेल्या घडांतले मणी बाया कात्रीनं विरळ करतात. सगळंच ठेवलं तर काढणीला धड काहीच येत नाही, म्हणून. नवखा कथाकार आठ पानांत सात पात्रं, तीन गावं आणि एक खून घालतो आणि मग म्हणतो, शेवट सुचत नाही! कसा सुचेल? दोन पात्रं ठेवा, बाकीची काढा.

शेवटाचा परिच्छेद आधी लिहून ठेवा, मग वाटेल तेव्हा बदला. जुनी कथा संपेपर्यंत नवी कल्पना वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत टिपा, त्याहून जास्त नाही. आणि एखादी कथा खरंच मेलेली असेल तर फाडून टाका. तोही निकालच आहे. अर्धमेली ठेवून दहा वर्षं तिच्या नावानं भाव खाऊ नका.

श्रावणातल्या आपल्या कहाण्या 'सुफळ संपूर्ण' म्हटल्याशिवाय थांबत नाहीत. सांगणाऱ्या बायकांना साहित्यिक म्हणून कुणी हार घातले नाहीत, पण ऐकणाऱ्याला त्यांनी कधी अर्ध्या वाटेत सोडलं नाही. तेव्हा काढा ती वही. शेवट वाईट झाला तर होऊ द्या. वाईट शेवट दुरुस्त करता येतो. जो लिहिलाच नाही, त्याला काय दुरुस्त करणार?