उड्डाणाचे तास आणि अर्जाची तारीख

धुळ्याजवळच्या गोंदूर शिवारावर घरघरणारी लहान विमाने खानदेशाला आता नवलाची राहिलेली नाहीत. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने जुहूच्या गजबजलेल्या आकाशातून आपले उड्डाण-प्रशिक्षण धुळ्यास आणले. शिरपुरातही वैमानिक घडविणारी संस्था उभी राहिली. आणि २०१२ मध्ये उद्घाटन झालेल्या जळगाव विमानतळाची २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी निवड केली. तेव्हा वैमानिकाच्या परवान्याचे कागद हा आता दिल्ली-मुंबईपुरता प्रश्न उरलेला नाही.

या कागदांत ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’चा अर्ज सर्वांत किचकट. ढगांत वा धुक्यात बाहेरचे काहीही दिसत नसता केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याची ही पात्रता. तीसाठी विमानप्रमुख या नात्याने ५० तासांची दूरपल्ल्याची उड्डाणे आणि ४० तासांचा उपकरणांवरील सराव दाखवावा लागतो. प्रत्येक तासाची नोंद लॉगबुकात हवी, त्याखाली जबाबदार व्यक्तीची सही हवी. हा काटेकोरपणा अनाठायी म्हणता येणार नाही. बनावट गुणपत्रिकांच्या बळावर परवाने मिळविल्याची प्रकरणे २०११ मध्ये उघडकीस आली, काही वैमानिकांना अटक झाली. न केलेल्या उड्डाणांच्या नोंदींचीही चौकशी झाली. खोट्या तासांची किंमत अखेर प्रवासीच मोजणार.

परंतु खोटेपणा वेगळा आणि बेरजेतील चूक वेगळी. कौशल्यचाचणी अर्जाच्या तारखेपूर्वीच्या सहा महिन्यांतलीच असावी, असा नियम आहे. शालान्त प्रमाणपत्रावरील नाव आणि वैद्यकीय दाखल्यावरील नाव जुळले नाही, एखाद्या पानाची बेरीज काही मिनिटांनी चुकली, आणि त्यापायी अर्ज नव्याने करण्याची पाळी आली, तर ती मुदत हातची जाऊ शकते. मग पुन्हा विमान, पुन्हा इंधन, पुन्हा परीक्षक! कर्ज काढून मुलामुलींना या विद्येस घालणाऱ्या पालकाने हा भुर्दंड का सोसावा? निव्वळ लेखनदोष असल्यास महासंचालनालयाने मूळ अर्जाचीच तारीख ग्राह्य धरावी. संस्थांनीही लॉगबुकाची तपासणी अखेरच्या आठवड्यावर न ढकलता दरमहा करावी. अर्ज संगणकावर गेले, फेब्रुवारी २०२५ पासून परवानाही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागला; चुकलेली बेरीज मात्र यंत्राने आपोआप सुधारत नाही.

त्यातच खानदेशाचा पावसाळा. ढग खाली उतरले की शिकाऊ विमाने हँगरात जातात, चाचण्या लांबतात. सहा महिन्यांची मोजणी तेवढी चालूच असते.