चौदा किलोमीटरचा चकवा

स्पेन आणि मोरोक्को यांच्यात, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत, अवघं १४ किलोमीटर पाणी आहे. हवा स्वच्छ असली की तारिफाच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेचे डोंगर दिसतात. मग समुद्राखालून रेल्वे का नेत नाहीत? २०३०चा फुटबॉल विश्वचषक स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को मिळून भरवणार असल्यामुळे ही चर्चा पुन्हा रंगली आहे.

गोम अशी, की सामुद्रधुनी जिथे सर्वांत अरुंद, तिथेच ती सुमारे ९०० मीटर खोल. आणि रेल्वेला चढ सोसत नाही. आपल्या बोरघाटात ३७ मीटरला एक मीटर एवढाच चढ आहे, तरी कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. तोच चढ इथे धरला तर ९०० मीटर उतरायलाच तेहतीस किलोमीटर हवेत, वर यायला आणखी तेवढेच! म्हणून आखणी पश्चिमेकडे, कामारिनालच्या उंचवट्यावर सरकली. तिथे पाणी २८ किलोमीटर रुंद, पण तळ तीनशे मीटरवर लागतो. हेही थोडं नाही. जपानचा सेइकान बोगदा समुद्रपातळीच्या २४० मीटर खालून जातो. इथे नुसता समुद्राचा तळच त्याहून खाली. शिवाय त्या तळाखाली माती-दगडांचा कच्चा भराव निघाला. भुयार खोदणाऱ्याला कठीण खडक परवडतो, असला खिचडी थर नाही.

१९८०च्या करारानंतर दोन्ही देशांनी यासाठी एकेक सरकारी कंपनी काढली. चाळीस वर्षं नुसता अभ्यास, म्हणून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पाहणीवरचा खर्च चुकलेल्या बोगद्यापेक्षा केव्हाही स्वस्त. इस्तंबूलला बॉस्फरसखालून युरोप-आशिया जोडण्याची कल्पना सुलतानांच्या काळातली, आणि मार्माराय रेल्वे धावली २०१३मध्ये.

मला खटकतं ते वेगळंच. याच सामुद्रधुनीच्या आफ्रिकी काठावर सेउता हे स्पॅनिश शहर आहे, आणि आफ्रिकेतून येणारी माणसं अडवायला त्याभोवती उंच दुहेरी कुंपण आहे. बोगदा झालाच तर मालाच्या वाघिणी सुखेनैव धावतील. माणसांचं काय, यावर नेते फारसं बोलत नाहीत. खंड जोडण्याची भाषा करणाऱ्यांनी आधी ते सांगावं.

विश्वचषकापर्यंत बोगदा होणार नाही, हे मात्र नक्की. सामने पाहायला तिकडे जाणार असाल, तर तारिफा-टँजियर फेरीबोटीचं तिकीट काढा. साधारण तासाभराचा प्रवास आहे.