ब्रेक एकाएकी निकामी होत नाहीत

महामार्गावर एखादी मालवाहू गाडी दुभाजक ओलांडून समोरच्या वाहनावर आदळली किंवा घाटात दरीत कोसळली, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक ठरीव वाक्य वाचायला मिळते : 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.' या वाक्यापाशी चर्चा थांबते. दोष यंत्राचा ठरला, की माणसाला जबाब द्यावा लागत नाही आणि यंत्राला तो देता येत नाही. परंतु ब्रेक एकाएकी निकामी होतात, ही समजूतच तपासून पाहण्याजोगी आहे. पिकअपसारख्या हलक्या मालवाहू गाड्यांच्या बाबतीत तरी हा आजार बहुधा आठवडेच्या आठवडे आधी लक्षणे दाखवीत असतो. ती ओळखणारी व्यवस्था आपण उभी केलेली नाही, हे खरे दुखणे आहे.

आंबेगाव तालुक्यातील पेठ या गावाचे उदाहरण घेता येईल. पुणे-नाशिक महामार्गावरील हे गाव सातगाव पठारावर वसले आहे. दक्षिणेकडे राजगुरुनगरला उतरायचे तर खेड घाट, उत्तरेकडे मंचरला जायचे तर अवसरी घाट. म्हणजे पठारावरून भरून निघालेल्या गाडीला कोणत्याही दिशेने गेले तरी उतार चुकत नाही. खेड घाटाचा बाह्यवळण रस्ता २०२१ मध्ये खुला झाल्याने जुन्या वळणांचा जाच कमी झाला. पण रस्ता रुंद झाला म्हणून उतार नाहीसा होत नाही, उलट वेग वाढतो. हे पठार खरिपातील बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पीक पावसाळ्यात वाढते आणि पावसाळा सरता सरता काढणीला येते. त्या दिवसांत पिकअप गाड्या शेतातल्या चिखलातून थेट महामार्गावर येतात. चाकांच्या आत चिखल, पाणी आणि माती. पाठीवर क्षमतेइतका, पुष्कळदा क्षमतेपेक्षा अधिक माल. ब्रेकच्या आजाराला याहून पोषक परिस्थिती शोधून सापडणार नाही.

या गाड्यांच्या पुढच्या चाकांना सामान्यतः डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात; ही चिमटी म्हणजे कॅलिपर. पेडल दाबले, की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि पाय काढला, की रबरी सीलच्या ताणाने केसभर मागे येतो. कॅलिपर स्वतः दोन पिनांवर सरकत असतो. पिस्टनला गंज चढला, पिनांचे ग्रीस सुकले किंवा त्यांची रबरी टोपणे फाटून आत चिखल गेला, की ही केसभराची माघार थांबते. पाय पेडलवर नसतानाही पॅड तबकडीला घासत राहतो. 'ब्रेक धरतोय' असे चालक म्हणतात, ते हेच.

धरलेला ब्रेक हा निकामी ब्रेकच्या अगदी उलट वाटतो आणि म्हणूनच त्याकडे काणाडोळा होतो. 'गाडी थांबते ना, मग झाले', असा हिशेब असतो. प्रत्यक्षात दुसऱ्या अवस्थेची वाट पहिलीतूनच जाते. तीन टन वजनाची गाडी शंभर मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे नऊ लिटर साधे पाणी उकळीपर्यंत नेता येईल एवढी उष्णता निर्माण होऊ शकते. त्यातील काही भाग इंजिन आणि हवा झेलते. उरलेला ब्रेकवर येतो. सपाट रस्त्यावर घासून आधीच तापलेल्या चाकावर घाटात हा भार पडतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचवीत नाही. पेडल तळाला टेकते आणि चालकाच्या तोंडून 'ब्रेक फेल' हे शब्द निघतात. घात त्या क्षणी होतो. त्याची तयारी महिनाभर चाललेली असते.

त्याची लक्षणे लपणारी नसतात. ब्रेक लावताना किंवा न लावताही गाडी एका बाजूला ओढते. एकाच चाकापाशी जळका वास येतो. डिझेल अधिक लागते. काही किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न लावता गाडी थांबवली आणि चाकांजवळ हात नेला (स्पर्श मात्र करू नये), तर पुढच्या दोन चाकांतले एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागते. खरे निदान याच्यानंतर सुरू होते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल, तर कॅलिपरवरील हवा काढण्याचा निपल किंचित सैल करावा. चार थेंब ऑइल बाहेर येताच चाक मोकळे झाले, तर पिस्टन निर्दोष आहे. दाब वरच्या बाजूला अडकला आहे. रबरी होज आतून फुगून झडपेसारखा वागत असेल किंवा मास्टर सिलिंडरमधील परतीचे छिद्र बुजले असेल. यातला दोष कोणाचा, हे होजच्या वरच्या टोकाचा सांधा सैल करून कळते. तेथे सैल करताच चाक सुटले, तर दोष मास्टर सिलिंडरकडे; नाही सुटले, तर होजमध्ये. निपल उघडूनही चाक जामच राहिले, तर मात्र पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. जाणत्या फिटरला या साऱ्याला अर्धा तास पुरतो.

मग दुरुस्ती का होत नाही? ती होते, पण चुकीची होते. गाडी उभी राहिली, की भाडे बुडते आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे मालक सांगतो, 'पॅड बदला आणि सोडा.' जाड नवा पॅड बसवण्यासाठी गंजलेला पिस्टन जोर लावून आत ढकलला जातो. त्याचा खडबडीत भाग सीलमध्ये शिरतो आणि काही दिवसांत चाक पुन्हा धरू लागते. काही वेळा तर 'ब्रेक ऑइल' या नावानेच घात होतो. ऑइल म्हणून टाकीत इंजिनचे तेल ओतले जाते. त्याने रबरी सील फुगतात आणि जो आजार एका चाकाला होता, तो चारही चाकांना जडतो. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय यात भर घालते, कारण मग इंजिनाचा अडसर जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

सरकारी व्यवस्था येथे कोठे आहे? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार व्यावसायिक गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले 'पासिंग', आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. आंबेगाव-जुन्नरच्या गाड्या त्यासाठी पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केंद्राने २०२१ मध्ये केले, हे स्वागतार्हच आहे. रोलरवरील चाचणीत डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकमधील तफावत आकड्यांत दिसते. तेथे डोळ्यांच्या अंदाजाला वाव राहत नाही. पण पिनेचे ग्रीस दोन वर्षे थांबत नाही. पासिंगच्या दिवशी निर्दोष असलेली गाडी एका पावसाळ्यात आजारी पडू शकते.

अपघातानंतरच्या नोंदीही फारशा बोलक्या नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला आणि त्यातील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात गेले. वेग हे कारण खोटे नाही. परंतु थांबू न शकलेली गाडीही वेगातच असते. उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा पहिली चर्चा ब्रेक निकामी झाल्याचीच होती. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात नंतर पुढे आले. चाक उघडून पाहिल्याशिवाय चालकाला दोषी ठरवणे जितके अन्यायाचे, तितकेच ब्रेकवर खापर फोडून मालकाला मोकळे सोडणेही.

हा प्रश्न केवळ मालाचा नाही. ग्रामीण भागात पिकअप हेच मजुरांचे आणि यात्रेकरूंचेही वाहन झाले आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, शेजारच्या खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप चढावर मागे येऊन कोसळली आणि किमान दहा महिलांचा जीव गेला. तेथे दोष ब्रेकचा होता, असे येथे सुचवायचे नाही. पण मालाच्या गाडीत माणसे बसणार हे वास्तव जोवर बदलत नाही, तोवर त्या गाडीचे प्रत्येक चाक हा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न राहतो.

उपाय खर्चिक नाहीत. हंगामात या गाड्या मंचर आणि नारायणगावच्या बाजार आवारांत तासन् तास उभ्या असतात. तेथे प्रवेशद्वारापाशी एका प्रशिक्षित माणसाने दुरून तापमान मोजणाऱ्या साध्या उपकरणाने चारही चाके तपासली, तर संशयित गाडी दोन मिनिटांत वेगळी काढता येईल. बाजार समित्या, परिवहन विभाग आणि तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मनावर घेतले, तर पावसाळा संपताच अशी मोहीम घेणे अवघड नाही. मात्र तिचा हेतू दंडवसुलीचा नसावा. दंडाच्या भीतीने गाडी आडवाटेने जाईल; मोफत तपासणी आहे म्हटल्यावर ती रांगेत येईल. अपघातग्रस्त गाडीच्या तपासणीत ब्रेकच्या प्रत्येक भागाची स्थिती नोंदवणे आणि ती नोंद जाहीर करणे ही त्याच्या पुढची पायरी होय.

आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी 'वाहने सावकाश चालवा' असे फलक लावून कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मानले जाते. सावकाश चालवण्यासाठीही आधी गाडी थांबवता यावी लागते. ती थांबेल की नाही, हे घाटात नव्हे, घाटाच्या आधी कळायला हवे आणि ते कळू शकते.