खांद्यावर पताका नसली तर

आमच्याकडं कार्तिकात पायी आळंदीला जाणाऱ्याला कुणी "कशाला जातोस" असं विचारत नाही. ठाणे, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या बाजूनं दिंड्या निघतात. भात कापून झालेलं असतं, ज्याची झोडणी उरकली तो मोकळा असतो, आणि पेरलेल्या वालाला जमिनीतली ओल पुरते. दिंडी खंडाळ्याचा घाट चढते, देहू करून आळंदीला पोचते. कार्तिक वद्य एकादशी झाली, त्रयोदशीचा समाधी सोहळा झाला, की माणसं टेम्पोत बसून घरी. एवढ्याला सगळ्यांची संमती आहे. पण यंदा मी म्हटलं, आळंदीहून मागं न फिरता पुढं चालत जाणार, तर घरापासून नाक्यापर्यंत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "कनाला रं अवरं लांब जातंस?" शिकलेल्या पोरांनी तर सरळ डोक्याचा डॉक्टर सुचवला.

माझा बेत साधा आहे. आळंदीहून चाकण, मंचर, नारायणगाव करत आळे. तिथून नगर, नेवासे, मग पैठण आणि आपेगाव. येताना नगरवरून पुन्हा आळे, जुन्नर, आणि नाणेघाटानं खाली वैशाखऱ्याला उतरून मुरबाडवरून कल्याण. रोजचे वीस किलोमीटर धरले तर मार्गशीर्ष सरेल. शेतकऱ्याला त्यात नुकसान काही नाही. मळणी झालेली, वाल शेंगेवर यायला अवकाश.

पहिला आक्षेप धार्मिक माणसांचा. ते म्हणतात, वारी आळंदीला संपते, पुढं पुण्य नाही. त्यांना मी हात जोडून विचारतो, माउली आळंदीत बसून होते का? आपेगाव त्यांच्या घराण्याचं गाव. शुद्धिपत्रासाठी ही पोरं पैठणला गेली. ज्ञानेश्वरी सांगितली ती नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. पैठणहून बरोबर आलेल्या रेड्याची समाधी आळ्याला आहे. समाधी घेतली १२९६ साली, तेव्हा कुठं आळंदीला थांबले. म्हणजे ज्या वाटेला तुम्ही "पुढं" म्हणता ती त्यांची अलीकडची वाट. नामदेवांचं तर विचारूच नका. पंढरपूरचा माणूस पंजाबात घुमानपर्यंत पोचला, त्यांची पदं शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा किती लोकांना ते गाव पहिल्यांदा कळलं. टेम्पोची सोय बघून नामदेव मागं फिरले असते, तर ते गाव आपल्याला कळलंच नसतं.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसांचा. एसटी आहे, रेल्वे आहे, पाय कशाला झिजवायचे? त्यांना मी कल्याणचा हिशेब सांगतो. कल्याण मोठं झालं ते रेल्वेनं, असं आपण धरून चालतो. रेल्वे आली १८५४ साली. त्याच्या दोन हजार वर्षं आधीपासून कल्याणच्या बंदराचा माल बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढं पैठणला जात होता. घाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे, आणि तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. ज्या रस्त्यावर चालणाऱ्याकडून राजा जकात घ्यायचा, त्या रस्त्यावर चालणारा वेडा कसा ठरतो? ती वाट चालणाऱ्यांनीच पाडली.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यासाठीच हा लेख. लोक म्हणतात, रस्ते चालण्याजोगे राहिले नाहीत, गाडीखाली जाशील.

बरोबर आहे. दिंडीत गाडी घुसल्याची बातमी आपण किती वेळा वाचली? कार्तिकानंतर तर नगरच्या बाजूला कारखाने सुरू झालेले असतात. उसानं लादलेले ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, दिव्याचा पत्ता नाही. सहाला अंधार पडतो. म्हणून मी ठरवलंय की उजाडल्यावर निघायचं आणि उन्हं कलली की मुक्काम धरायचा, चालायचं ते समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं, पाठीला चमकणारी पट्टी शिवायची. घोंगडी, तांब्या, बॅटरी, गोळ्या, आणि आधार कार्ड. हल्ली चालणाऱ्याला तेही दाखवावं लागतं.

पण हा सगळा बंदोबस्त चालणाऱ्यानंच का करायचा? रस्ता कुणाचा? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पायी माणसाला बंदी. समृद्धी महामार्ग नागपूरहून थेट आमच्या भिवंडीजवळ आमण्याला येऊन टेकला, ७०१ किलोमीटर, त्यावरही पायी माणसाला बंदी. वेगाच्या रस्त्यावर माणूस नको, हे मला पटतं. मग माणसाचा रस्ता कुठं आहे ते दाखवा. जुन्या रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी रुंदीकरणात गेली. कल्याण-शीळ रस्त्यावर म्हाताऱ्या माणसानं पलीकडं जाऊन दाखवावं.

आणि जागा करता येत नाही असं कुणी सांगू नये. आळंदी-पंढरपूर आणि देहू-पंढरपूर पालखी मार्गांची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट करायचं ठरलं. छान झालं. म्हणजे इंजिनिअरला येतं, सरकारला परवडतं, नकाशावर मावतं. मग ते फक्त पताकेसाठीच का? वारकऱ्याला वाट आणि मुरबाडच्या ठाकर बाईला, जी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन रोज बाजाराला येते, तिला गटाराचं झाकण? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर येतात, त्यांची पोरं महामार्गाच्या कडेनं शाळेत किंवा दुकानात जातात. त्यांची वारी तर वर्षभर चालू असते.

पताकेचा महिमा मी अंगानं पाहिलाय. दिंडीत चालताना रस्त्यावरची माणसं चहा देतात, पाय धरतात, शाळेचे वर्ग झोपायला उघडतात. गेल्या हिवाळ्यात मी एकटाच वैशाखऱ्यापर्यंत पायी गेलो. तोच मी, तेच धोतर, फक्त खांदा रिकामा. एका ढाब्यावर पाणी मागितलं तर पोऱ्यानं आधी पैसे मागितले. रात्री एका गावात ओसरी मागितली तर चार जणांनी चौकशी केली, कुणाचे, कुठले, चोर तर नव्हे. त्यांना मी दोष देत नाही. पायी येणारा माणूस एक तर देवाचा, नाही तर भिकारी, तिसरा प्रकारच आपल्या डोळ्यांना माहीत राहिला नाही.

तिसरा प्रकार आपण दोनदा पाहिला, आणि विसरलो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी निघाले, आदिवासी बाया अनवाणी, कसारा उतरून आमच्या ठाणे जिल्ह्यातून १२ तारखेला मुंबईत पोचले. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला खोळंबा नको म्हणून शेवटची मजल रात्रीतून मारली. दोन वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, त्याच रस्त्यानं उलट्या दिशेला हजारो मजूर पोराबाळांसह चालत गेले. तेव्हा सगळे हळहळले. हळहळ ओसरली, पण त्या रस्त्याला चालायची कड काही आली नाही.

शहरातल्या वाचकाला वाटेल, हे खेड्याचं दुखणं. तसं नाही. आमचं गाव कल्याणच्या त्या २७ गावांतलं, जी २००२ ला महापालिकेतून बाहेर काढली आणि २०१५ ला पुन्हा आत घेतली. गावनकाशात तुटक रेघांच्या जोडीनं गाडीवाट दाखवलेली असते, एका तुटक रेघेनं पायवाट. शेताची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कायद्याखाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो, हे शेतकऱ्याला पाठ असतं. पण शेत विकलं, त्यावर इमारत आली, की ती रेघ कुणी विचारत नाही. आमच्या नदीवर जायच्या वाटेवर आता एका गृहसंकुलाचं फाटक आहे. रखवालदार मला विचारतो, "कोणाकडं जायचंय?" नदीकडं, असं सांगितलं तर वहीत तसा रकाना नाही. आत राहणारी माणसं मात्र संध्याकाळी त्याच कुंपणाच्या आतून गोल गोल चालतात, कारण बाहेर त्यांनाही चालता येत नाही. त्यांचं आणि माझं दुखणं एकच आहे.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. प्रत्येक राज्य रस्त्याला दोन्ही अंगांनी माणूस चालेल एवढी कड राखा, तिच्यावर टपरी नको, गाडी नको. नवीन वसाहतीचा आराखडा मंजूर करताना गावनकाशातली तुटक रेघ आधी बघा. आणि दिंडीला उघडतो तो शाळेचा व्हरांडा एकट्या वाटसरूलाही रात्रीपुरता उघडा. यात धरण बांधायचं नाही की मेट्रो आणायची नाही.

तोवर मी चालणारच आहे. चालणारे कमी झाले म्हणून रस्त्याची कड गेली, आणि कड गेली म्हणून चालणारे कमी झाले. हे चक्र कुठून तरी तोडायचं तर पायांनीच तोडावं लागेल. मार्गशीर्षात नगर-नेवासे रस्त्यावर रिकाम्या खांद्याचा एखादा म्हातारा दिसला, तर गाडी थांबवून पैसे देऊ नका, सोडतो म्हणू नका. फक्त वेग थोडा कमी करा, आणि जरा मधल्या अंगाला घ्या.