जुन्या जहाजाचा धनी कोण ?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें एक बंदर आहे. तेथील गोदींत तीन डोलकाठ्यांचें एक जुनें युद्धजहाज पाण्यावर उभें असून त्याचें नांव ट्रिंकोमाली असें आहे. ब्रिटनच्या युद्धजहाजांपैकीं अद्याप तरंगत असलेलें सर्वांत जुनें जहाज तें हेंच. परंतु आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हें जहाज इंग्लंडांत बांधलेलें नाहीं. मलबारच्या सागवानाचें, मुंबईच्या गोदींत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या कारागिरांनीं बांधलेलें व १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईच्याच समुद्रांत सोडलेलें असें तें आहे. आतां नाण्याची दुसरी बाजू पाहा. विक्रांत ही विमानवाहू नौका मूळची ब्रिटनची. पण १९६१ सालापासून ती आमच्या आरमारांत राबली आणि १९७१ च्या युद्धांत बंगालच्या उपसागरांत तिनें आपलें नांव सार्थ केलें. ती नौका आम्हीं २०१४ सालीं मुंबईंत मोडीत काढली. आमच्या हातचें जहाज परक्यांनीं जतन केलें, आणि परक्यांच्या हातचें, पण आमच्या खलाशांच्या घामानें आमचें झालेलें जहाज आम्हीं भंगाराच्या भावानें विकलें! हा केवळ दैवयोग नव्हे. याच्या मुळाशीं एक तत्त्वाचा व एक व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि त्याचाच आज विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम व्यवहार पाहूं. दगडी देवळाकडे शंभर वर्षें कोणी फिरकलें नाहीं तरी तें बहुधा उभें राहतें. लांकडी जहाजाची दहा वर्षें हयगय केली कीं तें हातचें जातें. लोकांचा समज असा कीं, समुद्राचें खारें पाणी जहाजास खातें. तो सर्वस्वीं खरा नाहीं. खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा किडा असतो खरा, पण तळास तांब्याचा पत्रा मारून त्याचा बंदोबस्त आपल्या पूर्वजांच्या काळींच करतां येत होता. जहाजाचा खरा वैरी म्हणजे पावसाचें गोडें पाणी. तें तक्तपोशीच्या फटींतून आंत झिरपतें, जेथें वारा खेळत नाहीं अशा कोपऱ्यांत सांचतें, आणि तेथें बुरशी धरून लांकूड आंतून भुसभुशीत होतें. वरून रंग मात्र तसाच चकाकत राहतो. शिवाय जहाजाचा मध्यभाग फुगीर व दोन्ही टोकें निमुळतीं असल्यामुळें पाणी मध्यास जास्त उचलून धरतें, टोकांस कमी. त्यामुळें वर्षानुवर्षें टोकें खालीं झुकत जाऊन त्याचा कणा वांकतो. बरें, पाण्याबाहेर काढावें तर तेंही सुखाचें नाहीं. नेल्सनचें व्हिक्टरी जहाज १९२२ सालीं पोर्ट्समथच्या सुक्या गोदींत घेतलें. पण ज्या शरीरास चहूंबाजूंनीं पाण्याचा आधार असावयाचा, तें थोड्याशा टेकूंवर बसविल्यानें आपल्याच भारानें खचूं लागलें. अखेर अलीकडे त्यास सर्व बाजूंनीं नवे टेकू द्यावे लागले, आणि सुमारें चार कोटी पौंड खर्चाचें व दहा वर्षांहून अधिक मुदतीचें दुरुस्तीचें काम २०२२ पासून हातीं घ्यावें लागलें. तात्पर्य, जुनें जहाज राखणें म्हणजे एकदां पैसे टाकून मोकळें होणें नव्हे. आमच्या व्यापारी वाचकांच्या भाषेंत सांगावयाचें तर तो भांडवली खर्च नसून दरसालचा चालू खर्च आहे. आणि ज्याच्या जमाखर्चाच्या वहींत त्यासाठीं कायमचें खातें नाहीं, त्यानें जहाजाचा धनी म्हणवून घेण्यांत अर्थ नाहीं.

ट्रिंकोमालीच्या दीर्घायुष्याचें पहिलें कारण तिच्या लांकडांत आहे. इंग्लंडचें ओक लांकूड आपल्या अंगच्या आंबट रसानें लोखंडी खिळ्यांस गंज चढवितें. आमचें सागवान उलट आपल्या तेलानें त्यांचें रक्षण करतें. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, तेव्हांपासून या घराण्यानें व त्याच्या हाताखालच्या कारागिरांनीं हें सागवान असें हाताळलें कीं, ज्या इंग्रजांस आपल्या आरमाराचा एवढा गर्व, त्यांनींच युद्धजहाजें आमच्याकडून बांधवून घेतलीं. ट्रिंकोमालीचे नकाशे घेऊन निघालेलें जावा जहाज १८१२ अखेर अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन जहाजानें नष्ट केलें, म्हणून नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. आणि नौकेचा कणा, ज्यास आमचे गलबत बांधणारे सुतार पठाण म्हणतात, तो घालतांना पारशी रीतीप्रमाणें जमशेटजींनीं त्यांत रुप्याचा खिळा ठोकला. तें कॉन्स्टिट्यूशन जहाजही अमेरिकेनें बोस्टन येथें आजतागायत जपून ठेविलें आहे, हें येथें सांगून ठेवणें अवश्य आहे.

परंतु लांकूड चांगलें म्हणून जहाज वांचतें असें नाहीं. मुंबईच्या गोदींतून निघालेलीं इतर अनेक जहाजेंही त्याच सागवानाचीं होतीं. तीं आज कोठें आहेत? ट्रिंकोमाली स्वतः १८९७ सालीं मोडीसाठीं विकली गेली होती. व्हीटली कॉब नांवाच्या एका गृहस्थानें नेल्सनचें फूद्रॉयां जहाज पदरचे पैसे खर्चून मुलांस नाविक शिक्षण देण्यासाठीं राखलें होतें. तें त्याच वर्षीं वादळांत फुटलें, तेव्हां त्याऐवजीं त्यानें ट्रिंकोमाली विकत घेतली व तिला जुन्या जहाजाचें नांव दिलें. पुढें सुमारें नव्वद वर्षें ती मुलांची शाळा म्हणून उपयोगीं पडली, आणि उपयोगीं पडत होती म्हणूनच वांचली. १९८७ सालीं तिला हार्टलपूलला नेलें. तेथील जहाज बांधण्याचे कारखाने बंद पडून गांवांत बेकारी माजली होती. पण वॉरियर नांवाचें दुसरें जुनें जहाज त्याच गांवीं नुकतेंच दुरुस्त झालेलें असल्यामुळें कसबी हात तेथें तयार होते. त्या हातांनीं दहा वर्षांहून अधिक काळ खपून २००१ सालीं तें काम पुरें केलें. मूळचें नांवही तिला परत मिळालें. एका बुडत्या गांवानें एक बुडतें जहाज वर काढलें, आणि त्या जहाजानें गांवास पाहुणे, काम व अब्रू हीं मिळवून दिलीं. यांत देणगीदारांची उदारता होती, पण तिजपेक्षां अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे जबाबदारी घेणारी एक विश्वस्त संस्था होती.

अशी संस्था नसली म्हणजे काय होतें, हेंही इंग्लंडनेंच दाखविलें आहे. १८०५ सालीं फ्रेंचांपासून जिंकलेलें इम्प्लॅकेबल नांवाचें जहाज पोर्ट्समथच्या बंदरांत ट्रिंकोमालीच्या शेजारींच उभें असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिजोरी रिती झाली, दुरुस्तीचा खर्च कोणी पत्करीना, फ्रान्सही घेईना. शेवटीं २ डिसेंबर १९४९ रोजीं दोन्ही राष्ट्रांचीं निशाणें फडकवून, मानवंदना देऊन तें समुद्रांत सुरुंगानें बुडविण्यांत आलें. नाकासमोर मरणारास पाणी न देतां त्याची उत्तरक्रिया थाटानें करण्याचाच हा प्रकार! पण त्या दिवसाची तेथील लोकांस लाज वाटली, आणि त्या लाजेंतूनच पुढें जुन्या जहाजांच्या जतनाची चळवळ बळावली. विक्रांतबद्दल आम्हांस तशी लाज वाटली काय ? तिच्या पोलादाचा अंश घालून मोटारसायकली निघाल्या व त्या हौसेनें विकल्या गेल्या, हें आम्हांस माहीत आहे. कायदा बदलावा म्हणून कोणी हालचाल केली, हें मात्र ऐकिवांत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. विक्रांत १९९७ सालीं निवृत्त झाली. कांहीं वर्षें मुंबईंत तरतें संग्रहालय म्हणून ती लोकांस पाहावयास मिळाली. २०१२ सालीं सुरक्षिततेच्या कारणास्तव तें बंद झालें. राज्य सरकारनें खर्च झेपत नाहीं असें सांगितलें. २०१४ च्या आरंभीं सुमारें ६० कोटी रुपयांस तिचा लिलांव झाला. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांचे दरवाजे ठोठावले गेले, पण उपयोग झाला नाहीं. याबद्दल न्यायमूर्तींस दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. घटनेच्या ४९ व्या कलमानें ऐतिहासिक स्मारकें, स्थळें व वस्तु यांचें नाशापासून व विल्हेवाटीपासून रक्षण करण्याचें कर्तव्य सरकारवर टाकलें आहे. परंतु तें कलम मार्गदर्शक तत्त्वांपैकीं असल्यानें न्यायालयांत त्याची थेट अंमलबजावणी मागतां येत नाहीं, आणि तें लागू पडतें तेंही संसदेच्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाचें ठरविलेल्या गोष्टींसच. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा व १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा हे दोन्ही सामान्यतः शंभर वर्षांची अट घालतात. दगडी बांधकामास ही अट शोभते. जहाज शंभर वर्षांचें होईपर्यंत थांबणें म्हणजे रोगी मेल्यावर वैद्यास बोलावणें होय. घटना आड येत नाहीं, न्यायालय आड येत नाहीं. आड येतो तो कायदेमंडळाचा आळस.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ज्या देशांत शाळांस छप्पर नाहीं तेथें जहाजांची चैन कशास ? आक्षेप प्रामाणिक आहे. पण हार्टलपूलही श्रीमंतांचें गांव नव्हतें. आणि मुंबईसारख्या धनाढ्य शहरानें दारिद्र्याची सबब सांगणें हें सावकारानें मधुकरी मागण्यासारखें आहे. दुसरा आक्षेप आमच्या राष्ट्राभिमानी मित्रांचा. ते म्हणतील, ट्रिंकोमाली इंग्रजांच्या साम्राज्यासाठीं बांधली, तिचें कौतुक आम्हीं कां करावें ? त्यांस आमचें उत्तर असें कीं, साम्राज्य गेलें, कारागिरी राहिली. आणि ती कारागिरी आमची होती. हिंदी जहाजें टेम्समध्यें येऊं लागतांच लंडनच्या जहाज बांधणारांनीं केवढी ओरड केली, हें इतिहास जाणणारांस ठाऊक आहे. तो पुरावा आज ज्या एका जहाजांत तरंगत आहे, तें परदेशीं आहे. येथें आमच्यापाशीं काय आहे ? १७५६ सालीं विजयदुर्गास आंग्र्यांचें आरमार जळालें. तें जाळणाऱ्या इंग्रजांस पाचारण करणारे आमचेच पेशवे होते. आंग्र्यांची एक गुराब, एक गलबत आज पाहूं म्हटल्यास मिळत नाहीं. त्या आगीस निदान युद्धाचें निमित्त होतें. विक्रांत मोडतांना शत्रु कोण होता?

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, कोंकण, गोवें व गुजराथ येथील बंदरांत व खाड्यांत जीं जुनीं शिडाचीं गलबतें, मचवे व नौका शिल्लक असतील त्यांची सरकारी नोंदवही व्हावी, आणि नोंदलेलें जहाज मोडण्यापूर्वीं जाहीर नोटीस देऊन वर्षभर थांबण्याचें कायद्यानें बंधन असावें. वयाची अट पन्नास वर्षांहून अधिक नसावी. दुसरी, जें वांचवितां येणार नाहीं त्याचें निदान बिनचूक मोजमाप, नकाशे व चित्रें करून ठेवावीं. कारण सगळींच जहाजें राखतां येत नाहींत, हें मान्य केल्याखेरीज एकही नीट राखतां यावयाचें नाहीं. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, जें राखावयाचें त्याचा कारभार मंत्र्यांच्या मर्जीवर न सोडतां विश्वस्त मंडळाकडे द्यावा, आणि आरंभींच अशी ठेव उभी करावी कीं तिच्या व्याजांत दरसालची दुरुस्ती भागेल. लोथल येथें सागरी वारशाचें मोठें संकुल उभारण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें आहे. तें स्तुत्य आहे. परंतु भिंतीवरचें चित्र व पाण्यावरचें जहाज यांत अंतर आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यांत सुंभानें शिवून बांधलेली कौंडिण्य नौका २०२५ सालीं आरमारांत आली, यावरून जुना कसब जाणणारे हात अजून आहेत हें सिद्ध झालें. त्या हातांस सतत काम मिळालें तरच ते राहतील. आणि जुन्या जहाजाची दुरुस्ती हीच त्यांची शाळा होय.

ज्यांच्या पूर्वजांनीं समुद्रावर पैसा मिळविला अशीं घराणीं मुंबईंत, रत्नागिरींत, मालवणांत आजही आहेत. धर्मशाळा बांधणें, घाट बांधणें यांत पुण्य आहे हें त्यांस सांगावें लागत नाहीं. जुनें जहाज राखणें हेंही त्याच जातीचें लोककार्य आहे, एवढें जरी त्यांच्या मनांत ठसलें, तरी पुढच्या विक्रांतच्या वेळीं सरकारनें धनी कोण असें विचारतांच पुढें येऊन उत्तर देणारा मनुष्य सांपडेल.