'शेरनी'ची शिकवणी
सिनेमाने मुले बिघडतात, ही आपल्याकडची जुनी तक्रार. आमचा नववीतला मुलगा पुस्तक उघडले की जांभया देतो, म्हणून मी २०२१ चा 'शेरनी' त्याच्यासोबत बसून पाहिला. चित्रीकरण आपल्या बालाघाटच्या जंगलातही झाले आहे, हे कळताच स्वारी सावरून बसली.

त्यातल्या वाघिणीला राष्ट्रीय उद्यान गाठायचे असते, पण वाटेत तांब्याची खाण आडवी येते. लगेच नकाशा काढला. मलाजखंड कुठे, कान्हा कुठे? तांब्याच्या खनिजात लोखंड आणि गंधकही असते, हे त्याने स्वतः शोधले. गणित मात्र सिनेमातून फारसे निघत नाही, ते वहीतच करावे लागते.

मग यवतमाळकडच्या अवनी वाघिणीची हकिकत सांगितली. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका, २०१८ मध्ये गोळी, मागे दोन बछडे. घरात वाद पेटला. निकाल मी दिला नाही. म्हटले, एक पान गावकऱ्यांच्या बाजूने लिही, एक वाघिणीच्या. मराठीत! शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ. पण दोन्ही पाने भरली. गावकऱ्यांचे जरा जास्तच. आता रविवारी मलाजखंडला जाऊ म्हणतो.