दस्त नोंदला, मालकीचे काय?

नवी दिल्ली : मुद्रांक शुल्क भरले, दुय्यम निबंधकांसमोर अंगठ्याचे ठसे उमटले आणि नोंदवलेले खरेदीखत हाती पडले, की आपण घराचे निर्विवाद मालक झालो, अशी बहुतेक खरेदीदारांची समजूत असते. कायदा एवढे आश्वासन देत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार निबंधक दस्ताची नोंद करतो. विकणाऱ्याला ती मालमत्ता विकण्याचा अधिकार होता की नाही, याची हमी तो देत नाही. आयुष्यभराची बचत आणि वीस-वीस वर्षांचे कर्ज ज्या व्यवहारात गुंतते, त्यातील सर्वांत मोठी जोखीम अशा रीतीने खरेदीदाराच्याच गळ्यात राहते.

देशात स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री हा क्लेशदायक अनुभव ठरत असल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी बिहारमधील एका प्रकरणात घेतली. विक्रेत्याच्या नावे महसुली दप्तरात जमाबंदी असल्याचे दाखवल्याखेरीज दस्त नोंदवू नये, असा नियम बिहारने 2019 मध्ये केला होता. हेतू फसवणूक रोखण्याचा होता. परंतु महसुली नोंद हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे आणि भूमापन अपूर्ण असताना अशी अट घालणे म्हणजे मालमत्ता हस्तांतरित करण्याचा हक्कच अडवून धरणे, या कारणांनी न्यायालयाने तो नियम रद्द केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तमिळनाडूचा अशाच धाटणीचा नियमही रद्दबातल ठरला होता. विक्रेत्याची मालकी तपासण्याचा अधिकार निबंधकाला नाही, असे तेव्हा न्यायालयाने सांगितले.

कायद्याच्या कसोटीवर हे दोन्ही निकाल योग्यच आहेत. मालकीचे वाद निबंधकाच्या टेबलावर सुटू लागले, तर तेथे नवी अडवणूक आणि नवे दर सुरू होण्यास वेळ लागणार नाही. तरीही सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने परिणाम एकच : सरकारी कार्यालयाने विचारायचे नाही आणि त्याच्या वतीने दुसरे कोणी विचारणार नाही. मग वकील गाठायचा, मागील 30 वर्षांच्या दस्तांचा शोध अहवाल घ्यायचा, वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकतींसाठी बहुधा 14 दिवस थांबायचे, असा खटाटोप सुरू होतो. ज्या वारसाने हरकत घ्यायची, तो त्या दिवशी नेमके तेच वृत्तपत्र उघडील आणि कोपऱ्यातील बारीक टाइप वाचील, हा त्यातला भाबडा भरवसा.

परराज्यात घर घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. महाराष्ट्रातील फेरफार बिहारमध्ये दाखिल-खारिज होतो, तमिळनाडूत पट्टा पाहावा लागतो, कर्नाटकात खाता. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते. दस्तावर जोडीदाराची संमती नसेल तर व्यवहार अडचणीत येतो. दिल्लीत अनेक पिढ्यांनी निव्वळ कुलमुखत्यारपत्रावर घरे घेतली. त्याने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले. पुढे 1,731 अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांचे हक्क मान्य करण्यासाठी संसदेला 2019 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

नव्या आणि जुन्या घराच्या ग्राहकाला मिळणारे संरक्षणही सारखे नाही. 2016 च्या रेरा कायद्याने विकासकावर, मालकी हक्कात दोष निघाल्यास भरपाई देण्याचे बंधन घातले आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी ठेवली नाही. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यासही मनाई केली. एका कुटुंबाने दुसऱ्याला जुनी सदनिका विकली, तर यातले काहीच लागू होत नाही. तेथे इसार पावतीवर लाखो रुपये हातोहात जातात. साठेखत झाले तरी केवळ त्याच्या बळावर मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच लिहिलेले आहे.

या भारात करवसुलीची भर आहे. किंमत 50 लाख रुपये किंवा अधिक असेल तर 1 टक्का कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर 50 लाखांची मर्यादाच गळून पडते, कपातीचा दरही कितीतरी चढा असतो आणि चूक झाल्यास वसुली व्याजासह खरेदीदाराकडून होते. मुलगा परदेशात आणि घर पुण्यात, अशा व्यवहारांत हे हमखास उशिरा लक्षात येते.

केंद्राने मे 2025 मध्ये नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा जाहीर केला. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्राची सक्तीची नोंदणी तसेच ऑनलाइन प्रक्रिया, या त्यातील तरतुदी उपयुक्त आहेत. त्यामुळे हेलपाटे वाचतील. मालकीची हमी देण्याचा प्रश्न मात्र तेथेही बाजूलाच राहतो. अशी हमी द्यायची तर नोंद चुकल्यास भरपाईचा बोजा राज्याने उचलायला हवा आणि आपल्याच दप्तरावर तेवढा विश्वास राज्यांना नाही. राजस्थानने 2016 मध्ये शहरी जमिनींसाठी मालकी प्रमाणित करण्याचा कायदा केला. आंध्र प्रदेशचा 2022 चा कायदा 2024 च्या निवडणुकीत वादाचा विषय बनला आणि सत्तांतरानंतर रद्द झाला. अधिकाऱ्याच्या एका नोंदीने जमीन हातची जाईल, ही शेतकऱ्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही.

ब्लॉकचेन तंत्रज्ञानाचा पर्याय अभ्यासण्यास सर्वोच्च न्यायालयाने विधी आयोगाला सांगितले आहे. या तंत्रज्ञानात केलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही. मूळ नोंदच चुकीची असेल, तर ती चूकही तितकीच पक्की होईल. म्हणून जागेवरची मोजणी आणि वारसांची चौकशी त्याआधी पूर्ण व्हायला हवी. तोवर फसलेल्या ग्राहकासाठी विक्रेत्यावर दिवाणी दावा हाच मुख्य मार्ग उरतो आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.